चाळीस केबीतला मारिओ

वाचक विचारतात

गेल्या अंकात आम्ही जुन्या टीव्ही गेमविषयी प्रश्न मागवले होते. ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांत दुरुस्तीच्या अडचणी जास्त आहेत, पण माळ्यावरचा तो डबा पुन्हा चालू व्हावा ही इच्छा सगळ्यांची सारखीच आहे. एकाच स्वरूपाची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : माझा बारा वर्षांचा मुलगा मोबाइलवर आणि प्लेस्टेशनवर खेळतो. त्याला मारिओ दाखवला तर म्हणाला, “बाबा, यात आहे काय?” मला उत्तर देता आलं नाही. जुन्या गेममध्ये खरंच काही होतं, की आपल्यालाच लहानपणाची ओढ आहे? (ऐरोली)

उत्तर : लहानपणाच्या ओढीचा वाटा आहेच. पण ती बाजूला काढली तरी बरंच काही उरतं, आणि ते बोट ठेवून दाखवता येतं.

१९८५ सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा अख्खा गेम ४० केबीचा आहे : ३२ केबी प्रोग्रॅम आणि ८ केबी चित्रं. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा शुभेच्छांचा फोटोसुद्धा बहुतेक वेळा याहून मोठा असतो. तो ज्या मशीनसाठी लिहिला त्या निन्टेंडो कंपनीच्या फॅमिकॉमची (जपानमध्ये १९८३; आपल्याकडचे टीव्ही गेम बहुतेक याचीच नक्कल) कामाची मेमरी होती २ केबी. एवढ्यात ३२ लेव्हल बसवायच्या म्हणजे काटकसर आलीच. आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप नीट बघा. आकार एकच आहे, फक्त रंग बदललाय. सुरुवातीला समोरून येणारा तपकिरी शत्रू, म्हणजे गूंबा, पाय टाकत चालतो असं वाटतं, पण ते एकच चित्र डावं-उजवं उलटवत राहतात. मारिओची मिशी आणि टोपीसुद्धा अशीच आली. तो पहिल्यांदा दिसला त्या १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये इतके कमी ठिपके होते की तोंड आणि केस काढणं जमेना, मग मिशीनं तोंडाचा प्रश्न सोडवला आणि टोपीनं केसांचा.

आता मुलाच्या हातात रिमोट द्या आणि पहिला अर्धा मिनिट काहीही सांगू नका. मारिओ डावीकडे उभा असतो आणि उजवीकडे मोकळी जागा, त्यामुळे कुठे जायचं हे विचारावं लागत नाही. मग प्रश्नचिन्हाची लुकलुकणारी वीट दिसते आणि समोरून गूंबा येतो. धडकला तर आउट, पण खेळ आत्ताच सुरू झालाय, त्यामुळे चार पावलंच वाया जातात. पुढच्या खेपेला तो आपोआप उडी मारतो. विटेला डोकं लागलं की नाणं निघतं, म्हणजे विटा फोडून बघाव्यात हे कळलं. पुढच्या विटेतून अळंबी निघते, उजवीकडे सरकते, पाइपला आपटून परत मारिओकडे येते. घाबरून तिला चुकवायला उडी मारली तर वरच्या विटांना डोकं आपटून मारिओ खाली येतो आणि बहुधा अळंबी त्याला मिळतेच. तो मोठा होतो. एक शब्दही न लिहिता पाच नियम शिकवून झाले. हा गेम घडवणारे शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मांडणी ठरवून केली होती. आजच्या कितीतरी गेममध्ये याच पाच गोष्टींसाठी बाण, चौकटी आणि ‘पुढे जाण्यासाठी एक्स दाबा’ यांत पंधरा मिनिटं जातात.

अडचणीतून गंमत कशी निघते याचं सगळ्यात सुंदर उदाहरण ‘स्पेस इनव्हेडर्स’चं आहे. १९७८ साली हा गेम बनवणारे तोमोहिरो निशिकादो यांच्या मशीनला ५५ परग्रहवासी एकदम हलवणं झेपत नव्हतं. ते एकेक करून हलायचे. खेळणारा त्यांना मारत गेला की उरलेल्यांची पाळी लवकर येई आणि ते जोरात धावू लागत. निशिकादोंनी हा दोष दुरुस्त केला नाही. शेवटचा एक उरला की छातीत धडधड होते, ती याच दोषामुळे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ‘९९९९ इन १’ लिहिलेल्या कॅसेटमध्ये जेमतेम मूठभर वेगळे गेम असायचे. बाकी सगळे तेच, फक्त सुरुवातीची लेव्हल किंवा लाइफ बदललेली. कित्येक गेम मुद्दाम छळायचे, कारण लेव्हल थोड्या होत्या आणि गेम महिनाभर पुरवायचा होता. आजच्या गेममध्ये हवं तिथे सेव्ह करता येतं, अवघडपणा कमी करता येतो, रंग ओळखण्यात अडचण असलेल्यांसाठी वेगळी सोय असते. ही सगळी खरी प्रगती आहे.

मुलाला पटवायचं असेल तर मारिओवरच थांबू नका. ‘बॅटल सिटी’ लावा, म्हणजे आपण ज्याला नुसतं ‘टँक’ म्हणायचो तो, आणि शेजारी बसून दोघांनी खेळा. प्रत्येक लेव्हलला शत्रूचे २० रणगाडे, खाली मध्यभागी आपला गरुड. जोडीदाराची गोळी आपल्याला लागली तर काही क्षण जागीच खिळून राहावं लागतं, त्यामुळे घरात भांडण होणार हे नक्की. त्यात ‘कन्स्ट्रक्शन’ निवडून स्वतःचा नकाशाही बांधता येतो. विटा-लोखंड मांडायला लागला की मुलगा आपणहून रमेल.

प्रश्न : जुना टीव्ही गेम नव्या एलईडी टीव्हीला जोडला. चित्र काळं-पांढरं येतं आणि उडी उशिरा बसते. बदकं मारायची बंदूक तर चालतच नाही. बिघाड गेममध्ये आहे का? (नेरूळ, कळवा, घोडबंदर रोड)

उत्तर : बहुधा गेम ठीक आहे. तीन तक्रारी आहेत आणि तिन्हींची कारणं वेगळी.

काळं-पांढरं चित्र : नव्या टीव्हीत पिवळ्या पिनची जागा अनेकदा हिरव्या पिनशी एकत्र केलेली असते. सोर्समध्ये ‘कंपोनंट’ निवडलेलं राहिलं तर रंग जातात, ‘एव्ही’ निवडा. टीव्हीला हेडफोनसारखं एकच भोक असेल तर त्याची जोडवायर त्याच कंपनीची घ्या, कारण आतल्या तारांचा क्रम कंपनीगणिक बदलतो. क्रम चुकला की पिवळी पिन लाल जागी लावल्यावर चित्र येतं आणि आवाजाच्या जागी घरघर. तरीही रंग नसले तर चित्राच्या सेटिंगमध्ये कलर सिस्टिम ‘ऑटो’ करा. पाल आणि एनटीएससी या रंगीत सिग्नलच्या दोन पद्धती; आपल्याकडचे गेम बहुतेक पाल पद्धतीचे, पण बाहेरून आलेला डबा एनटीएससी असू शकतो. फक्त अँटेनाची वायर असलेला डबा असेल तर टीव्हीत अ‍ॅनालॉग चॅनेलचा ऑटो सर्च लावा आणि तो चालू असताना गेमही चालू ठेवा.

उशिरा बसणारी उडी : पिक्चर ट्यूबचा टीव्ही आलेला सिग्नल जसाच्या तसा पडद्यावर ओततो. एलईडी टीव्ही आधी अख्खी फ्रेम साठवतो, मोठी करतो, गुळगुळीत करतो आणि मग दाखवतो. यात १०० मिलिसेकंद गेले तर पाल गेममध्ये, जिथे सेकंदाला ५० फ्रेम असतात, तिथे पाच फ्रेम हुकल्या. खड्ड्याच्या काठावर पाच फ्रेम म्हणजे आउट. उपाय असा : पिक्चर मोडमध्ये ‘गेम’ निवडा, मोशन स्मूदिंग आणि नॉइज रिडक्शन बंद करा, चित्राचा आकार ४:३ ठेवा. स्वस्तातला एव्ही ते एचडीएमआय डबा टाळा. जुन्या मशीनचं चित्र २४० किंवा २८८ ओळींचं असतं आणि तो डबा त्याला टीव्ही कार्यक्रमाची अर्धी फ्रेम समजून दोन-दोन जोडतो; म्हणून कडा थरथरतात आणि उशीर आणखी वाढतो.

चित्र मधूनच लुकलुकतं असंही काहींनी लिहिलंय. ते मूळचंच आहे. हे मशीन एका आडव्या ओळीत आठच हलत्या आकृत्या दाखवू शकतं. नववी आली की गेम त्यांना आळीपाळीने दाखवतो.

बंदूक : एलईडीवर ती चालणार नाही, कितीही सेटिंग बदला. चाप ओढला की एक फ्रेम पूर्ण काळी होते आणि लगेच पुढच्या फ्रेममध्ये बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीच्या नळीतला सेन्सर नेमक्या त्या क्षणी उजेड शोधतो. एलईडीवर चौकोन उशिरा उमटतो, तोवर गेमने ‘नेम चुकला’ असा निकाल दिलेला असतो.

प्रश्न : कॅसेट लागत नाही. फुंकर मारली की कधी चालते, कधी नाही. पावसाळ्यानंतर तर निम्म्या कॅसेट बंद पडल्या. (कोपरी, ठाणे पूर्व)

उत्तर : फुंकर सोडा, ती सगळ्यात मोठी शत्रू आहे. फुंकर मारायला कॅसेट काढून परत घालताना पिना एकमेकींवर घासल्या जातात आणि संपर्क होतो. श्रेय फुंकरीला मिळतं. थुंकीचा ओलावा मात्र तांब्याच्या पट्ट्यांवर राहतो आणि काही महिन्यांनी तिथे हिरवट थर धरतो. खाडीच्या काठावर राहणाऱ्यांकडे हे आणखी लवकर होतं.

साफ करायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात लहान बाटली मिळते. हात पुसायच्या सॅनिटायझरमध्ये पाणी आणि ग्लिसरीन असतं, ते नको. कानाच्या काडीवर दोन-तीन थेंब घेऊन ६० पिनांच्या पट्टीवर आतून बाहेर पुसा, आडवं घासू नका, नाहीतर कापसाचे तंतू अडकतात. काडी काळी झाली की दुसरी. दोन्ही बाजू करा, मग कोरड्या काडीने पुसून दहा मिनिटं वाळू द्या. थर निघत नसेल तर पांढऱ्या मऊ खोडरबराने हलक्या हाताने दोन-तीनदा पुसा आणि चुरा झटका. सँडपेपर कधीही वापरू नका. पट्टीवरचा मुलामा अगदी पातळ असतो. तो गेला की कॅसेट आठवडाभर छान चालते आणि मग कायमची गंजते.

मशीनचा स्लॉटही साफ करा. जुन्या एटीएम कार्डवर पातळ सुती कापड एकपदरी गुंडाळा, अल्कोहोलने ओलसर करा आणि प्लग काढलेल्या मशीनमध्ये पाच-सहा वेळा सरळ वर-खाली करा. एकही कॅसेट लागत नसेल तर दोष स्लॉटमध्ये. एकच लागत नसेल तर ती कॅसेट उघडून बघा. आत डांबरासारखा काळा ठिपका असेल तर चिप त्याच्याखाली आहे. त्याला तडा गेला असेल तर ती कॅसेट दुरुस्त होत नाही.

ठेवताना हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांसह ठेवा. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा पुड्या बदला. कॅसेटना रबर बँड लावू नका, तो वितळून प्लॅस्टिकला चिकटतो.

प्रश्न : अ‍ॅडाप्टर हरवलाय. मोबाइलचा चार्जर चालेल का? (वाशी)

उत्तर : नाही. या मशीनच्या आत ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर असतो. तो येणाऱ्या विजेतून ५ व्होल्ट तयार करतो, पण त्यासाठी त्याला किमान ७ व्होल्ट मिळावे लागतात. मोबाइलचे ५ व्होल्ट दिले की चित्र थरथरतं किंवा पडदा राखाडी राहतो. १२ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर चालतो, पण भाजतो : ३०० मिलिअँपियर वीज धरली तर ९ व्होल्टवर रेग्युलेटरला १.२ वॉट उष्णता सोसावी लागते आणि १२ वर २.१ वॉट. त्याला लावलेल्या चिमुकल्या पत्र्याला ते जड जातं. ९ व्होल्ट डीसी, ५०० मिलिअँपियर किंवा जास्त, हा योग्य.

खरा धोका उलट्या ध्रुवाचा आहे. मूळ फॅमिकॉममध्ये पिनेचं मधलं टोक ऋण असतं, आजच्या बहुतेक अ‍ॅडाप्टरमध्ये धन. नकली मशीनमध्ये दोन्ही प्रकार सापडतात आणि उलट जोडणीपासून वाचवणारा डायोड सगळ्यांत नसतो. डब्याच्या तळाशी गोलाचं चिन्ह छापलेलं असतं ते बघा आणि अ‍ॅडाप्टर मल्टिमीटरने तपासून मगच लावा. नातेवाइकांनी जपानहून आणलेला अ‍ॅडाप्टर १०० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट घातला तर त्याच क्षणी जळतो. फॅमिकॉमच्या अमेरिकन अवताराचा, म्हणजे तिकडच्या निन्टेंडोचा, तर ९ व्होल्ट एसी बाहेर देतो, तो आपल्याकडच्या डब्याला लावूच नका.

अ‍ॅडाप्टर, स्लॉट, रिमोटच्या वायरी यांसाठी एकच फेरी करायची असेल तर लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, ग्रँट रोड स्टेशनहून चालत जाता येतं. जुना भाग सोबत न्या, नुसत्या वर्णनावर वस्तू घेऊ नका.

प्रश्न : रिमोटचं ‘ए’ बटण जोरात दाबावं लागतं, उजवीकडचा बाण कधीकधी लागतच नाही. (डोंबिवली)

उत्तर : मागचे स्क्रू काढा, पण आधी फोटो काढून ठेवा. बटणांखाली रबराची चादर आणि प्रत्येक बटणामागे काळा कार्बनचा ठिपका दिसेल. तो बोर्डवरच्या दोन पट्ट्यांना जोडतो. बोर्ड अल्कोहोलने पुसा. कार्बनच्या ठिपक्यावर अल्कोहोल घासू नका. साध्या पांढऱ्या कागदावर तो दोन-चारदा हलकेच फिरवा, चकाकी गेली की पुरे. अ‍ॅल्युमिनियमचा कागद चिकटवायचा सल्ला लोक देतात, तो ऐकू नका : डिंक सुटतो आणि फॉइल घसरून शेजारचं बटण कायमचं दाबलं जातं.

वायर हलवल्यावर बाण लागत असेल तर दोष बटणात नाही. रिमोटमधून बाहेर पडते तिथे वायर आतून तुटलेली असते. तो पाच सेंटिमीटरचा तुकडा कापा, रंग जुळवून पाचही तारा पुन्हा सोल्डर करा आणि आतून एक गाठ मारा, म्हणजे पुढचा ओढा सोल्डरवर येणार नाही.

प्रश्न : ‘काँट्रा’चा ३० लाइफचा कोड नक्की काय आहे? मी चुकतो कुठे? (नौपाडा)

उत्तर : शीर्षकाच्या पडद्यावर वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए आणि मग स्टार्ट. चूक बहुधा टर्बोच्या बटणाने होते. टर्बो एका दाबात अनेकदा ‘बी’ पाठवतो आणि क्रम मोडतो. साधी बटणं वापरा. हा कोड मूळचा १९८६ च्या घरगुती ‘ग्रेडियस’मधला. त्याचे प्रोग्रॅमर काझुहिसा हाशिमोतो यांना गेम तपासताना तो फार अवघड जायचा, म्हणून त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी हा कोड घातला होता.

प्रश्न : मुलीच्या गेम बॉयमधला जुना पोकेमॉन सेव्हच होत नाही. (सीवूड्स)

उत्तर : कॅसेटच्या आत बटण सेल असतो, तो संपलाय. आतल्या सेलवरचा नंबर वाचा, सीआर १६१६ किंवा सीआर २०२५, आणि तोच, पण पत्र्याच्या पट्ट्या आधीच जोडलेला घ्या. नुसत्या सेलवर थेट सोल्डर करू नका, तापला तर फुटतो. सेल काढला की जुना सेव्ह जातो, हे मुलीला आधी सांगा.

प्रश्न : मशीन न घेता लॅपटॉपवर किंवा मोबाइलवर जुने गेम खेळले तर चालतं का? कायद्याने आणि मजेने, दोन्ही. (खारघर)

उत्तर : एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम, वापरण्यात गुन्हा नाही. गेमची फाइल कुठून आली हा प्रश्न आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ विकत घेतलेल्या प्रोग्रॅमची सुरक्षेपुरती प्रत काढायला मुभा देतं. इंटरनेटवरून अख्खा संग्रह उतरवणं त्यात बसत नाही. अनेक जुने गेम आज अधिकृतपणे विकतही मिळतात, ते घेतलेले बरे.

मजेसाठी तीन गोष्टी करा : रिमोट ब्लूटूथऐवजी वायरचा घ्या, व्ही-सिंकमुळे (चित्र पडद्याच्या गतीशी जुळवणारी सेटिंग) उशीर वाटत असेल तर एम्युलेटरमधला ‘रन-अहेड’, म्हणजे गेम थोडा पुढे चालवून उशीर भरून काढणारा पर्याय, एक फ्रेमवर ठेवा, आणि चित्र ४:३ ठेवा. काचेवर काढलेल्या बटणांनी मारिओ खेळू नका. बोटाला कड लागत नाही आणि उडीचा अंदाज येत नाही. डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या संगणकांच्या, काळातला एखादा गेम वाऱ्याच्या वेगाने पळत असेल तर तो प्रोसेसरच्या गतीवर चालणारा आहे. असे गेम चालवणाऱ्या डॉसबॉक्स या एम्युलेटरमध्ये कंट्रोल आणि एफ११ दाबून वेग कमी करा, एफ१२ ने वाढतो. ३००० सायकल्सपासून सुरुवात करून बघा.

प्रश्न : मग नवे गेम घ्यायचेच नाहीत का? १०० जीबी उतरवायचे, वर दर महिन्याला पैसे. (घणसोली)

उत्तर : घ्या, पण निवडून. जुन्या गेमचा खरा गुण म्हणजे बटणाला लगेच मिळणारा जबाब आणि पुरा झालेला खेळ, आणि तो आजही काही जण मनापासून सांभाळतात. ‘सेलेस्टे’ (२०१८) मध्ये कड्यावरून पाय सुटल्यावरही साधारण एक दशांश सेकंद उडी मारता येते. डोळ्याला ते कळत नाही, पण हाताला गेम न्यायी वाटतो. ‘शॉव्हल नाइट’ (२०१४) फॅमिकॉमच्या रंगरूपात आहे, फक्त ती लुकलुक त्यांनी मुद्दाम ठेवली नाही. ‘स्टारड्यू व्हॅली’ (२०१६) एका माणसाने चारेक वर्षं खपून बनवला. तिन्ही गेम साध्या लॅपटॉपवर इंटरनेटशिवाय चालतात.

विकत घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. एकट्याने खेळायलाही इंटरनेट सतत लागतं का, आणि गेमच्या आत आणखी खरेदी आहे का. ‘द क्रू’ हा मोटारींचा गेम ३१ मार्च २०२४ ला सर्व्हरसोबत बंद झाला. ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांनाही तो खेळता येईनासा झाला. ४० वर्षांपूर्वीची कॅसेट मात्र पिना पुसल्या की चालते. घरात मूल असेल तर कार्डाची माहिती खात्यात साठवू नका आणि खरेदीला पासवर्ड लावा.

प्रश्न : बंदुकीसाठी जुना डबा टीव्ही शोधतोय. भंगारवाल्याकडे मिळतात. घेताना काय बघू? (कळवा)

उत्तर : २१ इंची, साधा, ५० हर्ट्‌झचा घ्या. शेवटच्या काळातले १०० हर्ट्‌झचे सेट चित्र आधी साठवतात, त्यांच्यावर बंदूक चालत नाही. पुढे किंवा मागे पिवळ्या-पांढऱ्या पिनांची जागा हवी. स्वतःचा गेम सोबत नेऊन तिथेच अर्धा तास चालवा, कारण थंड सेटमधला दोष तापल्यावरच दिसतो. मधोमध एकच आडवी पांढरी रेघ आली तर उभ्या हालचालीचा भाग गेलाय. मेकॅनिक असेल तर तो दुरुस्त होतो. कोपऱ्यात हिरवे-जांभळे डाग असतील तर सेट बंद करून अर्ध्या तासाने परत लावा. स्पीकरजवळ ठेवल्याने पडलेले डाग बहुधा जातात. चित्र पुसट आणि काळपट असेल तर ट्यूब संपत आली आहे, सोडून द्या.

रिक्षातून आणताना काच सीटच्या पाठीकडे करा, सगळं वजन पुढच्या बाजूला असतं. उचलायला दोघं लागतात. आणि मागचं झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहू शकतात. ते काम जुन्या टीव्ही मेकॅनिककडेच द्या.